संमतीपत्रावर मी सही करणार नाही

प्रति,
मा. उपाध्यक्ष व सर्व संचालक,
आपली पतसंस्था, बेळगाव

स. न. वि. वि.

गेल्या रविवारी मंगल कार्यालयात ठेवीदारांना बोलावून आपण जो निर्णय सांगितलात तो मला मान्य नाही. तिथंच उभी राहून बोलायला लागले होते, पण माईक लगेच दुसऱ्याच्या हातात गेला. म्हणून लिहिते आहे, आणि बंद पाकिटात न घालता सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. संस्थेचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. ज्यांची ठेव अडकली आहे त्यांना ते ठाऊकच आहे. ज्यांची अडकलेली नाही त्यांनी आपापल्या संस्थेचं नाव घालून वाचलं तरी चालेल.

निर्णय असा, की ठेवींच्या पैशांचा घोटाळा उघडा पडल्यावर अध्यक्षांनी राजीनामा देऊन हमीपत्र लिहून दिलं आहे, सबब ठेवीदारांनी संमतीपत्र द्यावं. मुद्दल साठ हप्त्यांत मिळेल, व्याज नाही, आणि कुणी पोलिसांत किंवा कोर्टात जायचं नाही. "घरची गोष्ट आहे, घरात मिटवू. बाहेर बभ्रा झाला तर सीमाभागातल्या मराठी माणसाची मान खाली जाईल," असं उपाध्यक्ष म्हणाले. पुढच्या दोन रांगांतून टाळ्याही पडल्या. मागच्या रांगांत आम्ही ठेवीदार बसलो होतो.

ते कन्नडमधलं संमतीपत्र मी घरी नेऊन वाचलं. माझं कन्नड शाळेतलं आहे, बोलताना अडखळते, पण वाचता येतं. बैठकीत वाचून दाखवलेला हप्त्यांचा मजकूर हे त्यातलं तिसरं कलम आहे. पहिल्या कलमात लिहिलंय की मी संस्थेचे हिशेब पाहिले असून माझं समाधान झालं आहे. दुसऱ्यात लिहिलंय की आजी-माजी कोणत्याही संचालकाविरुद्ध माझी तक्रार नाही आणि पुढेही असणार नाही. आणि ज्या हप्त्यांसाठी हा खटाटोप, त्या कलमाच्या शेवटी 'संस्थेच्या आर्थिक परिस्थितीनुसार' एवढे शब्द आहेत. म्हणजे पैसे जमले तर मिळतील, तक्रार मात्र सही केल्या दिवसापासून बंद. पहिली दोन कलमं मराठीत कुणाच्याच तोंडून आली नाहीत. माझ्या शेजारी बसलेल्या येळ्ळूरच्या एका म्हातारबांनी तिथल्या तिथं अंगठा उठवला. त्यांना काय वाचून दाखवलं होतं, हे मी माझ्या कानांनी ऐकलंय.

आता माझा संबंध काय ते सांगते, कारण बैठकीत कुणीतरी "ह्या बाई कोण?" असं विचारलं म्हणे.

माझे यजमान उद्यमबागेत एका फाउंड्रीत मोल्डर होते. ते गेल्यावर पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून जी रक्कम आली, ती आपल्या संस्थेत ठेवली आहे. ९ लाख. माझ्या घरात एवढीच रक्कम होती. अध्यक्ष आणि माझे यजमान एकाच तरुण मंडळातले, शिवजयंतीच्या चित्ररथासाठी रात्र रात्र जागलेले. मी त्यांना भाऊजी म्हणत आले. तेराव्यानंतर ते घरी आले, सोबत फॉर्म घेऊनच. राष्ट्रीयीकृत बँकेपेक्षा दोन टक्के जास्त व्याज आहे हे त्यांनी सांगितलं खरं, पण पैसे त्यामुळे ठेवले नाहीत. "वहिनी, त्या मोठ्या बँकेत खिडकीवर कोण तुमचं ऐकून घेणार ओ? एक कागद हिकडचा तिकडं झाला तर कुणाला विचारणार? आपल्यात ठेवा. मी हाय की." हे ऐकून ठेवले.

आणि ते होते. हेही लिहायला पाहिजे, नाहीतर हे पत्र खोटं होईल. रेशनकार्डावरचं यजमानांचं नाव कमी करायला तालुका कचेरीत तेच आले. मुलीच्या दाखल्यावरचं आडनाव कन्नडमध्ये चुकीचं पडलं होतं, ते त्यांनीच हेलपाटे घालून दुरुस्त करून आणलं. गल्लीत कुणाच्याही घरी मयत झालं तर पहिली गाडी त्यांची उभी राहायची. आता लोक म्हणतात की हे सगळं नाटक होतं, गळ टाकला होता. मला तसं वाटत नाही. मदत करताना ते खरंच मदत करत होते, आणि त्याच हातानं माझ्या पावतीवर खोटी सही करत होते. माणूस नुसता लबाड असता तर कुणीतरी कधीतरी सावध झालं असतं. त्यांच्याबाबतीत सावध व्हायचं कारणच कुणाला मिळालं नाही.

पावतीचं सांगते. माझ्याकडची ठेव पावती फिकट पिवळ्या कागदाची आहे. वर डाव्या कोपऱ्यात महाराजांचं चित्र, उजवीकडे लाल शाईत छापलेला नंबर, खाली संस्थेचा जांभळा गोल शिक्का आणि अध्यक्षांची ती ओळखीची सही, शेवटच्या अक्षराची शेपटी लांब ओढून पूर्ण नावाखालून नेलेली. मुलीच्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी मुदत संपल्यावर पैसे मागायला गेले, तेव्हा काउंटरवरच्या मुलीनं खतावणी उघडली. माझ्या नंबरावर नाव दुसऱ्याच कुणाचं आणि रक्कम २० हजार. तिनं पान मागं उलटलं, पुढं उलटलं, मग स्थळप्रतींचं पुस्तक काढलं. त्यातही तोच नंबर आणि तोच दुसरा माणूस. ती माझ्याकडं बघेना. "मॅनेजर साहेबांना विचारा," एवढंच म्हणाली. मॅनेजर साहेब त्या दिवसापासून रजेवर आहेत.

पावती पुस्तकं दोन छापली होती. एकाच नंबरांची. एका पुस्तकातल्या पावत्या खतावणीला लागत होत्या, ऑडिटला दाखवल्या जात होत्या. दुसऱ्या पुस्तकातल्या आमच्यासारख्यांच्या हातात पडत होत्या आणि त्यांचे पैसे संस्थेच्या तिजोरीत जातच नव्हते. व्याज मात्र दर तिमाहीला वेळेवर मिळायचं, कारण ते नवीन येणाऱ्या ठेवीतून दिलं जायचं. त्यामुळं कुणाला शंकाच यायची नाही. गेल्या वर्षी नवीन ठेवी आटल्या तसा डाव उघडा पडला.

आता माझ्या तक्रारी. या अध्यक्षांविरुद्ध नाहीत, त्यांचं काय ते कोर्ट बघेल. या आपल्याविरुद्ध आहेत.

पावती पुस्तकं छापायला देताना ठराव होतो. छापून आलेली पुस्तकं स्टॉक रजिस्टरला चढतात, वापरायला काढताना कुणीतरी सही करून घेतं. मी काही मोठी हिशेबनीस नाही. आमच्या गल्लीतल्या स्त्रीशक्ती संघाची वही लिहिते. वीस बायकांचा संघ, महिन्याला शंभर-दोनशेची बचत. त्या वहीतसुद्धा पावत्यांच्या स्थळप्रतींचा हिशेब असतो आणि दर बैठकीला दोघी जणी तो तपासतात. आपण तेरा संचालक आहात. महिन्याला सभा, सभेचा भत्ता, चहा-फराळ. इतक्या वर्षांत एकदाही कुणी स्टॉक रजिस्टर मागितलं नाही? मागितलं असेल तर काय दिसलं, आणि नसेल तर सभेत करत काय होता? लोक मला विचारतात, "वहिनी, एवढी रक्कम एकाच ठिकाणी ठेवली, तुम्हाला कळलं नाही का?" ठेवीदाराचं काम ठेव ठेवायचं. बघायचं काम ज्यांचं होतं ते व्यासपीठावर बसले होते.

दुसरी तक्रार मला जास्त लागलेली आहे. दर सप्टेंबरात वार्षिक सभेला आम्हाला मराठीत छापलेला अहवाल मिळायचा. गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर हुतात्म्यांना अभिवादन, मग अध्यक्षांचं मनोगत, मग ताळेबंद. सहकार खात्याकडे जाणारा ऑडिट रिपोर्ट कन्नडमध्ये. आमच्यातल्या कुणी तो कधी मागितला नाही, कारण मराठीतला हातात होता. यंदा आम्ही काही जणींनी तो मिळवला. माझी शेजारीण, निवृत्त कन्नड शिक्षिका, तिनं ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवला. मराठी अहवालात थकबाकी म्हणून जेवढा आकडा छापला होता, तो कन्नड रिपोर्टात एका माणसाच्या एका कर्जाचा होता. लेखापरीक्षकांनी काढलेले दोष पानभर होते, तारण नसलेली कर्जं, संचालकांच्या नातेवाइकांची कर्जं, जुळत नसलेली रोख. मराठी अहवालात त्याबद्दल एक ओळ होती: 'किरकोळ त्रुटींची पूर्तता करण्यात आली आहे.'

सरकारी कागद मराठीत मिळावेत म्हणून आम्ही जिल्हाधिकारी कचेरीवर गेलो आहोत. माझे यजमान १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात लाठ्या खाऊन आले होते. दर १ जूनला हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर फुलं वाहायला ते जायचे, अध्यक्षही जायचे, आपल्यातलेही बरेच जण दिसायचे. १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या सायकल फेरीत तर अध्यक्ष पुढच्या रांगेत. मराठीत कागद मागायला आपण एवढी वर्षं रस्त्यावर उतरलो, आणि आपल्याच माणसांनी, न मागता, मराठीत जो कागद दिला तो खोटा निघाला. सरकारनं मराठीत कागद दिला नाही तर निदान कुणाशी भांडायचं ते ठाऊक असतं. हे कुणाला सांगायचं?

म्हणूनच 'मराठी माणसाची मान खाली जाईल' हे वाक्य मला फार जड गेलं. मान खाली घालण्यासारखं जे झालं ते झालंच आहे, आता आम्ही तक्रार केल्यानं होणार नाही. आणि घर म्हणजे कुणाचं घर? वडगाव-खासबागेतल्या मागावर बसणाऱ्या विणकरांपैकी कितीतरी जण घरात कन्नड बोलतात. रोजचे पन्नास-शंभर रुपये तेही आपल्याच पिग्मीत, म्हणजे रोजच्या बचतीच्या खात्यात, भरत होते. साडीची मजुरी हातात पडली की आधी पिग्मी, मग किराणा. त्यांनी कधी विचारलं नाही की संस्था कुणाची. बैठकीत ते एका कोपऱ्यात उभे होते आणि 'मराठी माणूस, मराठी माणूस' ऐकत होते. त्यांचे पैसे नेताना भाषा आडवी आली नाही, परत मागताना बरी आली.

एक संचालक असंही बोलून गेले की सहकार हीच मुळी आपल्या लोकांची देणगी, तो मोडू देऊ नका. देशातली पहिली सहकारी पतसंस्था म्हणून जिचं नाव घेतात ती १९०५ साली गदगजवळच्या कणगिनहाळमध्ये उभी राहिली, सिद्धनगौडा पाटील नावाच्या कन्नड शेतकऱ्यानं उभी केली. तेव्हा तो मुलूख मुंबई इलाख्यात होता. आपण ज्याला पिग्मी म्हणतो ती योजनासुद्धा उडुपीच्या सिंडिकेट बँकेनं १९२८ मध्ये सुरू केलेली. हे सांगायचं कारण एवढंच, की पैशाच्या व्यवहारात आपलं-परकं आणू नका. तिथं फक्त हिशेब असतो.

पिग्मी गोळा करणाऱ्या पोरांबद्दल मात्र सविस्तर लिहिणार आहे, कारण बैठकीत त्यांचं नाव कुणी काढलं नाही.

आमच्या भागात येणारा पोरगा बी.कॉम. झालेला. नोकरी नाही म्हणून पिग्मी धरली. सकाळी भाजीवाल्या, दुपारी किराणा आणि शिंपी, संध्याकाळी वडापाव-भजीच्या गाड्या, शनिवारी बाजार असल्यामुळं दुप्पट फिरती. कमरेला मशीन, त्यातून फरफर पावती निघायची. गोळा केलेल्या रकमेवर कमिशन, पगार नाही, पीएफ नाही. सुरुवातीला त्याच्याकडूनच संस्थेनं डिपॉझिट घेतलेलं, आईचं गंठण मोडून भरलेलं. पाऊस असो, गणपती असो, त्याची फेरी चुकायची नाही, कारण एक दिवस चुकला तर दुकानदार दुसऱ्या दिवशी दोन दिवसांचे देत नाही. गेली दोन वर्षं तो रोज रात्री सगळी रोकड काउंटरवर भरत होता आणि त्याची पोच घेत होता. त्या पोचा त्यानं तारखेवार दोऱ्यात ओवून ठेवल्यात, मी पाहिल्यात.

आज त्याला गल्लीतून जाता येत नाही. अध्यक्षांच्या बंगल्याला फाटक आहे, फाटकावर माणूस आहे. आपली घरं कॉलनीत आहेत. त्याचं घर मात्र ठेवीदारांच्याच गल्लीत आहे. लोकांनी ज्याच्या हातात पैसे दिले त्याचीच कॉलर धरणार. खडेबाजारात एका दुकानदारानं त्याची मोटारसायकल ठेवून घेतली, "पैसे आण आणि घेऊन जा" म्हणून. संस्थेनं त्याला साधं एक पत्र दिलेलं नाही, की ह्या मुलानं गोळा केलेली पै न् पै आमच्याकडे जमा आहे. उलट मॅनेजर बाहेर सांगत सुटलेत की घोळ एजंटांनी केला. संचालक साहेब, त्या ओवलेल्या पोचांवर शिक्का कुणाचा आहे?

बाकीचं थोडक्यात सांगते. सोनेतारणात एकच दागिना दोन नावांवर तारण दाखवल्याचं ऑडिटातच आहे. ज्या शेतकऱ्यांनी हलगा-मच्छे बायपासमध्ये गेलेल्या जमिनीची भरपाई घेतली, त्यातल्या काहींनी ती आपल्याकडे ठेवली. पिकाऊ रान गेलं आणि रानाचे पैसेही गेले. आणि गल्लीत एक चर्चा आहे की डाव उघडा पडायच्या आधीच्या महिन्यांत काही संचालकांनी स्वतःच्या आणि घरच्यांच्या ठेवी मोडून नेल्या. ही चर्चा खोटी असेल तर खोटी ठरवणं आपल्या हातात आहे. त्या महिन्यांतल्या मोडलेल्या ठेवींची यादी फलकावर लावा, विषय संपला.

पत्र वाचणाऱ्या इतर ठेवीदारांसाठीही दोन गोष्टी लिहिते, कारण रोज कुणी ना कुणी येऊन विचारतं, "५ लाखापर्यंत सरकार देतं म्हणे?" ते विमा संरक्षण बँकांच्या ठेवींना आहे. ४ फेब्रुवारी २०२० पासून ते १ लाखावरून ५ लाख झालं, नागरी सहकारी बँकांनाही आहे, पण पतसंस्थेतल्या ठेवीला नाही. आपण सगळे तोंडानं 'बँकेत ठेवलेत' म्हणत आलो, आणि संस्थेनं कधी कुणाला थांबवून सांगितलं नाही की ही बँक नव्हे. नोव्हेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनं जाहीर इशारा दिला होता, की काही सहकारी संस्था नावात बँक हा शब्द लावतात आणि बँकेसारख्या ठेवी घेतात, त्यांना ना परवाना आहे ना त्यांच्या ठेवींना विमा आहे. तो इशारा आपल्या नोटीस बोर्डावर कधी लागला नाही. तिथं व्याजदराचा फलक होता, फुलांच्या माळेसकट.

दुसरी गोष्ट, संमतीपत्रावर सही करायची घाई करू नका. "सही नाही केली तर काहीच मिळणार नाही," असं घरोघरी सांगत फिरणारे जे आहेत, त्यांना एवढंच विचारा, की हे लिहून द्याल का? मूळ पावती कुणाच्याही हातात देऊ नका, झेरॉक्स द्या. पासबुक 'अपडेट करायला' म्हणून मागितलं तर आधी फोटो काढून ठेवा. ज्यांनी सही केलीच आहे त्यांनीही घाबरू नये. आपल्याला काय वाचून दाखवलं आणि कागदात काय होतं, हे तारखेसह लिहून ठेवा आणि शेजारी बसलेल्या दोघांच्या सह्या घ्या. येळ्ळूरच्या म्हातारबांसाठी माझी सही मी देणार आहे.

आता संचालक मंडळाकडे माझ्या मागण्या.

संमतीपत्रं मागं घ्या. ज्यांच्या सह्या, अंगठे घेतलेत त्यांचे कागद त्यांना परत करा, फाडून नव्हे, जसेच्या तसे.

कर्नाटक सहकारी संस्था कायदा १९५९ च्या कलम ६४ प्रमाणे चौकशीसाठी खात्याकडे अर्ज करा. त्यासाठी ठेवीदारांनी मोर्चे काढायची गरज नाही, संचालक मंडळाच्या बहुमतानं अर्ज गेला तरी चौकशी लागते. तेरांपैकी सात हात वर झाले की काम झालं. गेल्या रविवारी 'आम्हालाही अंधारात ठेवलं' असं आपल्यातले कितीतरी जण म्हणाले. अंधारात होतात तर उजेड पाडायला सर्वांत आधी आपण पुढं यायला हवं. त्याच कायद्याच्या कलम ६९ खाली ज्यांनी संस्थेचं नुकसान केलं त्यांच्याकडून वसुली होते, त्यात फक्त अध्यक्ष मोजले जात नाहीत, हे आपल्या वकिलांनी आपल्याला सांगितलं असेलच. कदाचित संमतीपत्रातली पहिली दोन कलमं त्यासाठीच आली असतील.

पोलिसांत संस्थेच्या वतीनं फिर्याद द्या. भारतीय न्याय संहितेत विश्वासघाताला कलम ३१६ आहे, फसवणुकीला ३१८ आहे. आपण दिली नाहीत तर आम्ही देऊ, पण मग फिर्यादीत नावं कुणाकुणाची घालायची हे आम्ही ठरवू. ठेवीदारांच्या हितरक्षणासाठी कर्नाटकाचा २००४ चा कायदा आहे, त्याखाली मालमत्ता जप्त करून विशेष कोर्टामार्फत ठेवीदारांना पैसे देता येतात. तिथं अर्ज करा, आणि लवकर करा. अध्यक्षांचा बंगला, टिळकवाडीतला गाळा आणि खानापूर रोडवरची जागा कुणाकुणाच्या नावावर फिरायला लागलीय, याची कुजबुज सब-रजिस्ट्रार कचेरीच्या बाहेरच्या बाँड रायटरांपर्यंत पोचली आहे. साठ हप्ते म्हणजे पाच वर्षं. पाच वर्षांत उताऱ्यावर त्यांचं नाव शिल्लक राहील का, एवढंच मला सांगा.

पिग्मी एजंटांना त्यांनी भरलेल्या रकमेचं तारखेवार पत्र द्या, या आठवड्यात. याला चौकशी लागत नाही, खतावणी लागते. त्यांचं डिपॉझिट आधी परत करा.

कर्जदारांची आणि ठेवींची यादी मराठीत आणि कन्नडमध्ये एकाच कागदावर, समोरासमोर छापा, आकडे एकच, प्रत्येक पानावर दोन संचालकांची सही. पुढच्या वार्षिक सभेचा अहवालही तसाच निघू दे.

वसुली होईल तशी देण्याची रांग लावताना ज्यांची ठेव ५० हजारांच्या आत आहे आणि जे सत्तरीच्या पुढचे आहेत त्यांना आधी द्या. त्या रांगेत मी येत नाही, हेही सांगून ठेवते.

भाऊजींना निरोप कुणाकडून पाठवायचा म्हटलं तर आपल्याच कुणाकडून पाठवावा लागेल, कारण ते माझा फोन उचलत नाहीत. त्यांना सांगा की यजमानांच्या वर्षश्राद्धाला त्यांना बोलावणं नाही. मुलीची फी मी संघातून कर्ज काढून भरली आहे, व्याजासकट पावती घेऊन. आणि कोर्टात साक्ष द्यायची वेळ आली तर त्यांनी आमच्यासाठी काय काय केलं ते मी सांगेन, पावतीवर सही कुणाची आहे तेही सांगेन.

या मागण्यांवर मंडळाचा ठराव महिनाअखेरपर्यंत व्हावा आणि त्याची प्रत नोटीस बोर्डावर लागावी. न झाल्यास पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी आम्ही ठेवीदार, मराठी आणि कन्नड बोलणारे मिळून, आपापल्या पावत्यांच्या झेरॉक्स घेऊन पोलिस ठाण्यात जाणार आहोत. पत्राच्या प्रती सहकार खात्याला आणि वर्तमानपत्रांना पाठवत आहे. त्याचा कन्नड मजकूर शेजारणीनं करून दिला आहे, तोही सोबत आहे. दोन्ही ताडून पाहावेत.

सही न केलेलं संमतीपत्र या पत्राला जोडलं आहे. पोच द्यावी, तारीख आणि देणाऱ्याचं पूर्ण नाव घालून.

कळावे,
एक ठेवीदार सभासद
वडगाव, बेळगाव